उंबराचे फूल आणि कातिबाची चूक

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना एक गंमत नेहमी अनुभवाला येते. फळ्यावर एखादा वाक्प्रचार लिहिला, की वर्गातले कुणीतरी त्याचा उर्दूतला जुळा भाऊ शोधून काढते. आठवीच्या वर्गात मी 'उंबराचे फूल होणे' असे लिहिले आणि अर्थ सांगितला : फार दिवसांनी, क्वचित दर्शन देणे. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, अम्मी खाला को यहीच बोलती, गूलर का फूल हो गई!" वर्ग हसला. हसणे थांबल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "म्हणजे मराठीवाल्यांना पण ते फूल दिसलं नाही आणि उर्दूवाल्यांना पण नाही? मग ते असतं की नसतं?"

प्रश्न चांगला होता. बंगालीतही 'डुमुरेर फूल' म्हणजे हेच. इतक्या भाषांच्या माणसांनी एकाच झाडाकडे पाहिले आणि सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की या झाडाला फूल येत नाही, आलेच तर नशीबवानालाच दिसते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकासमोरच्या उंबराची चार फळे घेऊन वर्गात गेलो आणि ब्लेडने कापली. आत बारीक केसरांसारखी शेकडो फुले दाटीने बसलेली होती. एका फळातून इवल्याशा माश्या भुर्रकन उडाल्या. मुली ओरडल्या. दारात उभे असलेले आमचे शिपाईमामा शांतपणे म्हणाले, "काही नाही सर, केंबरं आहेत."

ते उंबर गेल्या वर्षी रस्ता रुंदीकरणात गेले. आम्ही दोघे-तिघे शिक्षक विचारायला गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, "एक झाड गेलं तर दहा लावू की." हिशेब सरळ होता, त्यामुळे त्या वेळी मला काही बोलता आले नाही. एक झाड म्हणजे नक्की किती, हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. त्याच प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते या लेखात मांडतो आहे.

मुजक्कर अंजीर

उंबर, वड, पिंपळ, पिंपरी आणि अंजीर हे सारे एकाच कुळातले, फायकस या प्रजातीतले. जगात त्यांच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक उष्ण कटिबंधात वाढतात. या सर्वांचे फूल फळाच्या आत असते. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरे तर पिशवीसारखी मिटलेली फुलांची परडी असते. तिच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असते. त्यातून केंबराची मादी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्ले आतच मोठी होतात. बिनपंखाचे नर आतल्या आतच मरतात, पंखवाल्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवसांचेच आयुष्य असते. तेवढ्यात त्याच जातीचे, योग्य अवस्थेतले दुसरे झाड सापडले तर ठीक, नाही तर वंश संपला.

शास्त्रज्ञांच्या आधी हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. रानटी अंजिरातून निघणारे कीटक लागवडीच्या अंजिरात शिरतात, असे ॲरिस्टॉटल आणि थिओफ्रास्टस यांनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. उत्तर आफ्रिकेतले शेतकरी आजही रानटी अंजिराची फळे माळेत ओवून बागेतल्या झाडांवर टांगतात. त्या रानटी झाडाला ते 'दोक्कार' म्हणतात. हा शब्द अरबी 'जकर'वरून, म्हणजे नर या शब्दावरून आला. आमच्या वर्गात मुले मुजक्कर-मुअन्नस पाठ करतात, त्यातला मुजक्कर याच धातूचा. म्हणजे फूल दिसत नव्हते तरी झाडात नर-मादी आहे, हे त्या शेतकऱ्यांच्या शब्दाला माहीत होते.

ज्यांनी हे ज्ञान अडाणीपणा समजून बाजूला ठेवले, त्यांना किंमत मोजावी लागली. १८८०च्या दशकात तुर्कस्तानातील स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, येथील प्रसिद्ध अंजिराची कलमे कॅलिफोर्नियात नेली गेली. झाडे जोमाने वाढली, पण फळे कच्चीच गळून पडत. अस्सल वाण दिलेच नाही, असा संशय स्मर्नाच्या लोकांवर घेतला गेला. वाण अस्सलच होते, फक्त सोबत माशी आली नव्हती. १८९९मध्ये अल्जीरियाहून माशीसकट रानटी अंजीर आणले गेले आणि फ्रेस्नोच्या बागांना फळ धरू लागले.

शंभर झाडे, पण वंश एकच

माणसाने दुसरीही वाट शोधली होती, माशीशिवायची. उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतले फायकस सायकोमोरस हे झाड, अरबीत 'जुम्मैज', प्राचीन काळीच इजिप्तमध्ये पोचले. त्याची परागवाहक माशी तिथे टिकली नाही. त्यामुळे तिथे बी धरत नव्हते. इजिप्तच्या शेतकऱ्यांनी फांद्या रोवून झाडे वाढवली आणि कच्च्या फळाला चाकूने चीर देऊन ते पिकवण्याची युक्ती काढली. चीर दिलेल्या फळांची चित्रे प्राचीन थडग्यांत सापडतात. १९६०च्या दशकात इस्रायली वनस्पतिशास्त्रज्ञ याकोव्ह गालिल यांनी या पद्धतीचा आणि पूर्व आफ्रिकेतील जुम्मैजच्या परागीभवनाचा सविस्तर अभ्यास केला.

आपल्या पुरंदरच्या अंजिराचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. त्याला माशीविना फळ धरते आणि त्याची लागवड कलमांनी होते. गोड आणि नामांकित फळ. पण कलमांची बाग म्हणजे एकाच झाडाच्या शेकडो प्रती. डोळ्याला शंभर झाडे दिसतात, वंशाच्या दृष्टीने ते एकच असते.

याच्या उलटही घडते का? एक झाड दिसावे आणि ते अनेक असावे? याचे उत्तर डोळ्यांनी मिळणारे नव्हते.

एक झाड, पण अनेक

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले, तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. तेच बारो कोलोराडो बेट. १९२३पासून तिथे संशोधन केंद्र आहे, आता ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. या परिसरात वडासारख्या, दुसऱ्या झाडाला कवटाळून वाढणाऱ्या फायकसच्या अनेक जाती आहेत. पक्ष्याच्या विष्ठेतून बी फांदीच्या बेचक्यात पडते, तिथे रुजते, मुळे खाली सोडते आणि हळूहळू आधाराच्या झाडाभोवती जाळे विणते.

जेम्स थॉमसन, ॲलन हेर, जेम्स हॅमरिक आणि सहकाऱ्यांनी अशा झाडांच्या वेगवेगळ्या फांद्यांची पाने घेतली आणि त्यांतील विकरे, म्हणजे एन्झाइम, तपासली. एका झाडाच्या सगळ्या फांद्यांत विकरांचा नमुना एकच असायला हवा. तो तसा नव्हता. १९९१मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी लिहिले, की सहा जातींमध्ये एकेक 'झाड' प्रत्यक्षात अनेक रोपांची मुळे एकमेकांत मिसळून बनलेले आढळले. पक्ष्यांनी एकाच बेचक्यात वेगवेगळ्या वेळी टाकलेल्या बिया, वेगवेगळ्या आईबापांच्या, एकत्र वाढून एक खोड झाल्या होत्या.

१९९८मध्ये जॉन नॅसन, हेर आणि हॅमरिक यांनी 'नेचर'मध्ये पुढचे पाऊल टाकले. एका फळात एकच माशी शिरली असेल, तर त्यातल्या बियांचा बाप सहसा एकच असतो. आई समोर उभी आहे, बियांतून आईचा वाटा वजा केला की बाप उरतो. एकेका झाडाच्या फळांत किती वेगवेगळे बाप येतात हे मोजून त्यांनी हिशेब मांडला, की परस्परांशी संबंध येणाऱ्या झाडांचा पसारा जातीनुसार १०६ ते ६३२ चौरस किलोमीटरचा आहे. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ साधारण ६०० चौरस किलोमीटर आहे. विरळ उभी असलेली ही झाडे एकाकी नव्हती.

विकरांच्या पद्धतीला मात्र मर्यादा होती. तिच्यात फरक थोडे दिसतात. शंभर झाडांत दहा जणांचा नमुना सारखा निघाला, तर बाप कोणता हे ठरवता येत नाही. त्याहून बारीक खूण हवी होती.

कातिबाची चूक

ती खूण कोणती, हे मला माझ्याच विषयातल्या एका उदाहरणाने समजले.

जुन्या फारसी-उर्दू हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना कातिबांच्या चुका फार मोलाच्या वाटतात. छापखान्याआधी पुस्तक म्हणजे हाताने उतरवलेली प्रत. एखादा शब्द सलग अनेकदा आला, की कातिबाची गिनती चुकते, चारच्या जागी पाच वेळा लिहिला जातो. त्या प्रतीवरून पुढे ज्या प्रती निघाल्या, त्यांत ती चूक जशीच्या तशी उतरते. दोन प्रतींत तीच चूक सापडली, की त्या एका घराण्यातल्या. अशा दहा-बारा चुका मिळाल्या, की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली, याचा शजरा मांडता येतो.

डीएनए हाही उतरवून घ्यायचा मजकूर आहे. त्यात काही ठिकाणी दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, उदाहरणार्थ सीए सीए सीए सीए. तिथे उतरवणाऱ्या यंत्रणेची गिनती पिढ्यान्‌पिढ्यांत कधीतरी घसरते. बाराच्या जागी तेरा होतात. झाडाच्या जगण्यावर याचा सहसा काही परिणाम होत नाही, म्हणून चूक पुढे चालत राहते. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रत्येक झाडाकडे प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. समजा आईकडे १२ आणि १५ आहेत आणि रोपाकडे १५ आणि १९. मग १९ बापाकडून आले. अशा दहा जागा तपासल्या, की सहसा एकच बाप उरतो.

माणसांच्या बाबतीत वंश ओळखण्याची याच्या जवळची पद्धत १९८४मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना सापडली. तिचा पहिला उपयोग गुन्हा शोधायला झाला नाही. घानाहून ब्रिटनमधल्या आईकडे परतणाऱ्या एका मुलाच्या कागदपत्रांवर अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. तो तिचाच मुलगा आहे, हे १९८५मध्ये डीएनएने दाखवून दिले. कागद जिथे कमी पडला, तिथे शरीरातला मजकूर उपयोगी आला.

१९८९मध्ये मायक्रोसॅटेलाइट वापरण्याची वाट मोकळी झाली, कारण तोवर पीसीआर हाताशी होते. डीएनएचा हवा तो तुकडा लाखो पटीने वाढवणारे हे तंत्र कॅरी मुलिस यांना १९८३मध्ये सुचले होते. पण एक अडचण होती. या खुणा आयत्या मिळत नाहीत, प्रत्येक वनस्पतीसाठी शोधून काढाव्या लागतात. ते काम कसे चाले, हे सांगण्यासारखे आहे.

पानातून डीएनए काढायचा. फायकसच्या पानात चीक असतो, त्यामुळे हेही सोपे नसते. मग त्या डीएनएचे लहान तुकडे करायचे. त्यांतले 'सीए सीए'सारखी पुनरावृत्ती असलेले तुकडे गळ टाकून मासे पकडावेत तसे वेगळे काढायचे. ते जीवाणूंमध्ये घालून वाढवायचे आणि अक्षरन्‌अक्षर वाचायचे. पुनरावृत्तीच्या डाव्या-उजव्या बाजूचा मजकूर सगळ्या झाडांत सारखा असतो. त्याला चिकटणारे दोन छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, तयार करायचे. आता कोणत्याही झाडाचा डीएनए घेतला, तरी पीसीआर नेमकी तीच जागा उचलून देते आणि तिची लांबी मोजता येते.

यानंतर परीक्षा. पाच-पंचवीस झाडांवर प्रत्येक खूण चालवून पाहायची. काही खुणा उमटतच नाहीत. काही सगळ्या झाडांत सारख्याच निघतात, त्या निरुपयोगी. काहींत दोनपैकी एक प्रत लपून राहते आणि खोटा निष्कर्ष निघतो. एवढ्या खटपटीनंतर हाती राहतात त्या थोड्या भरवशाच्या खुणा. त्या दोन-तीन पानांच्या टिपणात छापल्या जातात. असे टिपण कुणी कौतुकाने वाचत नाही, पण पुढची सगळी इमारत त्यावर उभी राहते.

२००१मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे बुशैब खदारी, फिन क्येलबर्ग आणि सहकाऱ्यांनी अंजिराच्या अशा खुणा प्रसिद्ध केल्या. फायकसच्या इतर जातींवरही त्या तपासून पाहिल्या. हा मुद्दा महत्त्वाचा होता. एका जातीच्या खुणा भावकीतल्या दुसऱ्या जातीत चालल्या, तर गरीब देशांतल्या, जंगलांतल्या, बाजारभाव नसलेल्या झाडांचाही अभ्यास कमी खर्चात होऊ शकतो. पुढच्या पाच-सहा वर्षांत उष्ण कटिबंधातल्या अनेक जातींच्या स्वतःच्या खुणा तयार झाल्या. २००६मध्ये अमेरिका खंडातील फायकस इन्सिपिडाच्या आल्या, २००७मध्ये जुम्मैजच्या. या शेवटच्या खुणा लीड्स विद्यापीठातील सोफिया अहमद आणि सहकाऱ्यांच्या.

वाळवंटातली नाती

नामिबिया देशात नामिब नावाचे वाळवंट आहे. त्यातून उगाब नावाची नदी जाते, बहुतेक काळ कोरडी. तिच्या पात्राकाठी जमिनीखालच्या ओलाव्यावर जुम्मैजची थोडी झाडे जगतात, एकमेकांपासून फार लांब. आजूबाजूला मैलोगणती दुसरे झाड नाही. वंशाचा शोध घ्यायला याहून चांगली जागा कोणती? दाट जंगलात बाप कोण हे ठरवताना एखादे झाड नजरेतून सुटू शकते. इथे सुटायला झाडच नाही.

अहमद, स्टीफन कॉम्पटन, रॉजर बटलिन आणि फिलिप गिलमार्टिन यांनी झाडांच्या खुणा नोंदवल्या आणि फळांतील बियांपासून उगवलेल्या रोपांच्या खुणा त्यांच्याशी ताडून पाहिल्या. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पराग सरासरी सुमारे ८९ किलोमीटरवरून आलेला होता आणि सर्वांत लांबचा १६० किलोमीटरपलीकडून. मुंबई ते पुणे हे रस्त्याचे अंतर साधारण १५० किलोमीटर आहे. हा प्रवास केला होता दोन मिलिमीटरच्या आसपासच्या, दोन दिवसही न जगणाऱ्या माशीने. स्वतःच्या पंखांवर ती एवढे जाऊ शकत नाही. ती हवेत वर उठते, वारा तिला नेतो आणि फळाच्या वासाच्या टप्प्यात आली की ती खाली उतरते. म्हणूनच पराग ज्या दिशेला वारा, त्या दिशेला गेलेला दिसला.

वाळवंटात एकटे उभे असलेले झाड पाहून आपण त्याला एकाकी म्हणू. त्याच्या बियांत मात्र दीडशे किलोमीटरवरच्या झाडाचे नाते लिहिलेले होते.

याच खुणांनी माश्यांचेही एक गुपित उघडले. प्रत्येक जातीच्या फायकसला एकच जातीची माशी, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. पनामात ड्रूड मोल्बो, कार्लोस माचाडो, हेर आणि सहकाऱ्यांनी माश्यांच्या डीएनएतील खुणा तपासल्या. २००३मध्ये त्यांनी दाखवले, की तपासलेल्यांपैकी निदान निम्म्या फायकस जातींत दिसायला हुबेहूब सारख्या, पण वंशाने वेगळ्या दोन जातींच्या माश्या राहतात. भिंगाखाली न दिसलेला फरक मजकुरात सापडला.

आपले उंबरही या इतिहासात आले. २०१०मध्ये कोबमू, क्येलबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवर उंबराचे केंबर एकाच जातीचे आणि एकाच मोठ्या, सलग समूहाचे आहे. २०१६च्या एका संयुक्त अभ्यासात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेने बोर्जेस यांचा सहभाग होता. उंबराचा सारा पसारा पाहिल्यावर त्यातून असे दिसले, की सगळीकडे तेच उंबर आणि तेच केंबर नाही, प्रदेशानुसार दोघांच्या वेगवेगळ्या जोड्या झाल्या आहेत. शिपाईमामांनी ज्यांना 'काही नाही' म्हटले, त्या केंबरांचाही शजरा आहे.

दहा लावू की

आता त्या उत्तराकडे परत येतो. महाराष्ट्रात शहरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५पासून आहे. २०२१च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली. 'एकाला एक' यापेक्षा हे नक्कीच बरे. पण यातही मोजणी झाडांचीच आहे. वंशाची मोजणी कुठेच नाही. एकाच फांदीची दहा कलमे लावली, तर कागदावर दहा झाडे येतात, वारसा एकाचाच राहतो.

कुणी म्हणेल, पराग इतक्या दूर जातो, तर एक उंबर गेल्याने काय बिघडते? त्याचा वंश कुठेतरी असेलच. असेलही. पण तो दूर पोचतो तो केंबरामुळे, आणि केंबराला एक-दोन दिवसांत दुसरे झाड हवे असते. एका उंबराची फळे बहुधा एकदम येतात, पण प्रत्येक झाडाची वेळ वेगळी असते. कुणी चैत्रात, कुणी श्रावणात. परिसरात वेगवेगळ्या वेळापत्रकांची पुरेशी झाडे असतील, तरच साखळी चालू राहते. एकेक उंबर गेले, की साखळीतली एकेक तारीख रिकामी होते. मग उरलेल्या झाडांत बी धरत नाही आणि पक्ष्यांनाही अवेळी मिळणारे फळ मिळत नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या गच्चीची दुरुस्ती निघाली. कठड्याच्या भेगांत आलेली रोपे उपटून कचऱ्यात टाकायची होती. मी कामगारांना थांबवले. भिंतीच्या भेगेतले रोप कलमाचे नसते, ते पक्ष्याने आणलेल्या बीचे असते. प्रत्येकाचा बाप कुठल्यातरी दुसऱ्या गावचा असू शकतो. आठवीच्या मुलांनी मुळे सांभाळत सात रोपे काढली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली. पाने मोठी झाल्यावर कळले, की चार पिंपळ आहेत आणि तीन उंबर. फाटकासमोर आता जागा नाही, मागच्या मैदानाच्या कडेला आहे. पाऊस पडला की तिन्ही उंबर तिथे लावायची, असे ठरले आहे.